मुलचेऱ्याचे अनामितभाऊ

आमचे शेजारी डोमाभाऊ मोबाइलशी भांडतात. मोबाइलवर कोणाशी तरी नव्हे, खुद्द मोबाइलशी. सकाळी सात वाजता गडचिरोलीतली आमची अख्खी गल्ली ऐकते, "मळे नाई रे बावा, मले! मले! कान फुटले का तुहे?"

त्यांचा ब्लॉग आहे. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करून बोटं जाड झालेली, ती अक्षरांवर नेमकी पडत नाहीत. म्हणून डोमाभाऊ बोलतात आणि मोबाइल लिहितो. पण त्याला आमची झाडीबोली कुठून येणार? 'मले'चं तो 'मळे' करतो, 'का' विचारणाऱ्या 'काऊन'चं 'कानून'. डोमाभाऊ खोडतात, पुन्हा ओरडतात. एक पान उतरायला दोन दिवस लागतात.

लिहितात काय, तर शकुनबाई. त्यांची बायको. तीन वर्षांपूर्वी वारली. ती कधी काय बोलली, एवढाच विषय. "शकुन म्हने, तुमाले भाजीत मीठ कमी लागते अन् बोलन्यात जास्त."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कोणी न विचारताही सांगतो. डोमाभाऊ मला 'बी.ए.भाऊ' म्हणतात आणि मला ते आवडतं.

एकदा आमच्या कचेरीत नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी डोमाभाऊंचं एक पान मोठ्याने वाचलं. एकेका 'मले'वर सगळे खिदळले. मीही.

"तुम्हीपण घरी असंच बोलता का हो?" साहेबांनी विचारलं.

"छे!" मी म्हणालो. माझी आई घरी अशीच बोलते.

त्याच दुपारी मी नाव न देता त्या पानाखाली लिहिलं, 'आधी शाळेत जा. शुद्ध मराठी येत नसेल तर लिहू नका. साऱ्या जिल्ह्याची लाज काढता.'

नाव दिलं नाही की तिथे आपोआप 'अनामित' असं उमटतं. डोमाभाऊ दुसऱ्या दिवशी धावतच आले.

"बी.ए.भाऊ, आपल्याले वाचक भेटला! अनामित नाव आहे."

"काय म्हणतो?"

"झापून राह्यला. पन वाचून झापलं ना! न वाचता कोन झापते?" मग जरा विचार करून, "अमित, सुमित, तसा अनामित. बंगाली दिसते. मुलचेऱ्याकडं बंगाल्यायची वस्ती आहे, तिकडचाच असन."

अनामितचा अर्थ बी.ए. झालेल्या माणसाला ठाऊक असतो. मी म्हणालो, "असेल."

रविवारी ते पावशेर चारोळी घेऊन एसटीने मुलचेऱ्याला गेले. तिथे दोन अमित सापडले. दोघांनीही चहा पाजला, पण अनामितचा पत्ता कोणालाच नाही. परत आल्यावर चारोळी त्यांनी आमच्या घरी दिली. आईने खीर केली. मी पोट बरं नाही म्हणून उठलो.

त्यानंतर गल्ली शांत झाली. आठ-दहा दिवस भांडण ऐकू आलं नाही. मला वाटलं, लिहिणं सोडलं. सुटलो असं वाटलं, हेही कबूल करतो.

मग एका संध्याकाळी ते मोबाइल घेऊन आले.

"एवढं तपासून द्या. अनामितभाऊ पुन्हा आले नाई. मराठी सुदारल्याबिगर येनार नाई ते. आता मी 'मला'च म्हन्तो. मोबाइल एका दमात लिहिते."

मी वाचू लागलो. शकुनबाईंचा दवाखान्यातला शेवटचा दिवस होता. 'शकुन म्हणाली, अहो, मला घरी घेऊन चला. मला येथे करमत नाही.'

डोमाभाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"असी नोती बोलत ते," ते हळूच म्हणाले. "हे वाचलं का कोन्या मास्तरीनबाईसारखी वाटते. मले तिचा आवाजच येत नाई यातून." मग लगेच सावरून, "पन सुद्द आहे ना, भाऊ? अनामितभाऊले चालन ना?"

तो अनामित मीच, हे तीन शब्दांचं वाक्य. ओठांपर्यंत आलं होतं.

"शुद्ध आहे," मी म्हणालो.

एका ठिकाणी अनुस्वार सुटला होता. तेवढा देऊन मी मोबाइल परत केला.