गुलाबी फेट्याची आणि पाखऱ्या बैलाने केलेल्या न्यायाची हकीकत

श्रीगजाननास नमन, शेताच्या बांधास नमन, बांधावर बसून मदतीची वाट पाहणारांस दुप्पट नमन. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरी राज्यात महामारी आली आणि देवळांस कुलुपे लागली आणि फुलांस गिऱ्हाईक नाहीसे जाहले. मग दरबारास दया येऊन हुकूम सुटला की, फूलशेतकऱ्यांस मदत द्यावी. जमीन कोणाचेही नावे असो, जो कसतो त्यासच द्यावी. तसबीर शेतात उभे राहून, तोंडास फडके बांधून काढावी.

ऐसियास मौजे फुलगावची रीत अशी की, तसबिरीस बोडक्या डोईने कोणी उभे राहणे नाही. आणि गावात धड फेटा एकच, म्हाळोजी पाटलांचे लग्नातला, गुलाबी. मग तो एकाने उतरवावा आणि दुसऱ्याने बांधावा, ऐसे करून अवघ्या गावाने थाटात तसबिरी काढविल्या. त्या राजधानीस पोचताच तेथील यंत्राने गुलाबी फेटा आणि झाकले तोंड पाहून निवाडा केला की, हा अवघा एकच लबाड इसम आहे. मदत तटली.

ते समयी गावात हौसाबाई म्हणोन बाई होती. तिला मदतीतून शेवंतीची रोपे आणावयाची होती. लागणीचा हंगाम सरत आला होता आणि रोपे चुकली तर वर्ष वाया जाणार होते. तिचे यजमान तुळशीराम चावडीवर पत्ते कुटण्यात बहुत पराक्रमी. जमीन त्यांचे नावे, फेटा बांधून तसबीर त्यांचीच, आणि मदत येताच भिंतीएवढा टीव्ही घेण्याचा त्यांचा मनसुबा होता.

मग चौकशीस गंगाजीपंत कारकून खासा गावी आले. फेटा उतरविला तरी तोंडे झाकलेलीच, आणि फडके सोडण्यास दरबारची मनाई.

पंत कष्टी होऊन बोलिले, "नाव तर कोणीही कोणाचे सांगेल. ओळखावे कसे?"

हौसाबाई कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "सायेब, बैलं सोडा की. तोंड झाकलं म्हून बैल धनी इसरतोय व्हय?"

हे बोलून बाई पदराआड हसली, परंतु ते कोणी पाहिले नाही.

पंतांस मसलत पसंत पडली. गडी रांगेने उभे केले आणि एकेक बैल सोडिला आणि जो तो आपले धन्यापाशी जाऊन हात चाटू लागला. शेवटी पाखऱ्या सुटला. तो तुळशीरामावरून सरळ पुढे गेला आणि कुंपणापाशी हौसाबाईचे खांद्यावर मान टाकून उभा राहिला.

तुळशीराम घाईने म्हणाले, "माझाच हाय त्यो."

पंत म्हणाले, "तर हाक मारावी."

"ये रं ढवळ्या, ये!"

बैलाने कानही हलविला नाही.

हौसाबाई हळूच म्हणाली, "अवो, ढवळ्या जाऊन तीन पोळं झालं. ह्यो पाखऱ्या."

अवघा गाव फडक्याआड हसला. पंतांनी तेथेच तुळशीरामाचे नाव खोडून हौसाबाईचे घातले, बाकी गावासही ज्याची त्यास मदत पावली, आणि शेवंती वेळेवर लागली. सेवकास हे लिहिताना बहुत संतोष वाटतो.

तात्पर्य, देवळे उघडली, फूल भावाने गेले, राज्य सुखी जाहले. तुळशीराम हल्ली पहाटे उठून पाखऱ्यास नावाने हाक मारितात आणि हाताने पेंड चारितात. पाखऱ्या पेंड खातो आणि हौसाबाईकडे पाहतो. हकीकत संपूर्ण.