भास्करकाकांचा जॅझ

आमच्या जानेफळात कुणाची म्हैस पान्हा चोरू लागली, की लोक गुरांच्या डॉक्टरला नंतर बोलावतात. आधी विचारतात, "भास्करकाका वाजवून राह्यले का?"

भास्करकाका माझे शेजारी. घरची कांद्या-वांग्यांची शेती. साठीला टेकल्यावर त्यांनी मेहकरच्या एका बंद पडलेल्या बँड पार्टीकडून सॅक्सोफोन घेतला आणि गोठ्यात बसून, मोबाइलवर बघून बघून, जॅझ शिकायला सुरुवात केली. भजन नाही, भावगीत नाही, एकदम जॅझ! गावाने कपाळाला हात लावला.

"सोपं हाय, मास्तर," ते मला समजावतात. "गाण्याच्या घरून निघाचं, मनाले येईन तसं गावभर हिंडाचं, अन् टायमावर घरी याचं."

काका हिंडतात झकास. घरी यायचं तेवढं जमत नाही. एकदा गणपतीच्या आरतीला त्यांनी साथ धरली. दुसऱ्या कडव्यापाशी सूर जो भरकटला, तो कापूर विझला तरी परतला नाही. शेवटी लोकांनी आरती अर्धी सोडून प्रसाद वाटायला घेतला. काकांना त्याचं काहीच नाही. "एकाच वाटेनं तं बैलई जाते," म्हणाले आणि दोन मोदक उचलले.

काकू वैतागतात. "या वयात लोकं हरिपाठ करतात जी! यायले हेच काऊन सुचलं?"

मलाही ते कोडंच होतं. परवा रविवारी दूध आणायला गेलो, तर गोठ्यात मोबाइल समोर उभा करून काकांचं वादन चाललेलं. पडद्यावर त्यांचा मुलगा रवी. पुण्याला नोकरी करतो, कॉलेजपासूनच जॅझवेडा.

"बाबा, पुन्हा घसरले तुमी. तिथं कोमल गंधार घ्या. अजून एकदा वाजवा."

काका पुन्हा वाजवत आणि पुन्हा तिथेच घसरत. रवी हसे, स्वतः गाऊन दाखवी. माझं दूध तसंच राहिलं.

फोन संपल्यावर काकांनी सहज तोच तुकडा वाजवला. माझे कान अगदीच ढ, पण मलाही कळलं, सूर चोख लागला होता.

"काका, हे तर येतं तुम्हाला!"

काका सॅक्सोफोन पुसत राहिले. "येते नं, कव्हाचंच येते. पन पहिले फोन आला, का 'जेवले का, तब्येत बरी हाय का,' अन् 'ठेवू का, बाबा?' बापासंग बोलाले काय असते त्याच्यापाशी? बरोबर वाजवलं, तं शाब्बास म्हनीन अन् ठेवून देईन."

मी दुधाची किटली उचलली.

"तुमी निघा, मास्तर," काका म्हणाले. "पुढच्या रविवारी कुठं चुकाचं, ते बसवून राह्यलो मी."