आईच्या भरतकामाची पाठ

रंगाऱ्याने पलंग सरकवायला सांगितला आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी निघाली. पेटीत त्रेसष्ट नग होते. हा आकडा मधल्याने काढला. मधला टपाल खात्यात वर्गीकरणाला आहे. समोर काहीही ठेवलं की तो आधी मोजतो, मग गठ्ठे करतो. ताटातले वाटाणेसुद्धा तो लहानमोठे वेगळे करून खातो, असं त्याची बायको सांगते. कौतुकाने नाही.

टेबलक्लॉथ होते, उशांचे अभ्रे होते, रुमाल होते, मोडीत निघालेल्या रेडिओवरचं झाकण होतं, आणि लांबट, झालर लावलेलं असं एक काहीतरी होतं, ज्याचा उपयोग तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. सगळ्यावर हाताने केलेलं भरतकाम. आई जाऊन अकरा महिने झाले होते. घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, म्हणून रंग चालला होता.

"एकवीस, एकवीस, एकवीस," थोरली म्हणाली. ती मुख्याध्यापिका आहे. भागाकार तिला तोंडी येतो.

"मला एकवीस नकोत," धाकटी म्हणाली. "मला एकच हवंय. पण आईच्या हातचं. नक्की आईच्या हातचं."

धाकटी दुसऱ्या शहरात दातांच्या कवळ्या बनवते. आई गेली त्या दिवशी तिची गाडी सहा तास उशिरा पोचली. ती दारात आली तोवर सगळं उरकलं होतं. पुढे आईचे कपडे थोरलीकडे गेले, भांडी मधल्याकडे गेली, आणि धाकटीच्या वाट्याला आईचा चष्मा आला. तो ती अधूनमधून लावून बघते. काही दिसत नाही.

अडचण एवढीच होती की पेटी आई आणि मावशी अशा दोघींची होती. दोघी बहिणी लग्नाआधी एकाच खिडकीत बसून भरायच्या. सही कुणीच केलेली नव्हती.

"पाठवणाऱ्याचा पत्ता नाही," मधला म्हणाला. "आमच्याकडे असे नग बेवारसमध्ये जातात."

"तुमच्याकडे जात असतील. पाठ बघ ना," थोरली म्हणाली.

हे मात्र खरं होतं. आई कुणाच्याही घरी गेली की गप्पा मारता मारता टेबलक्लॉथचं टोक उचलायची आणि कामाची मागची बाजू बघायची. थोरलीच्या होणाऱ्या सासरी तिने हे पहिल्याच भेटीत, चहाने भरलेल्या सहा कपांसकट केलं. लग्न ठरलं. कप चार उरले. काही विचारलं तर एवढंच म्हणायची, "कामाची पाठ बघावी." ज्या बाईची नजर इतकी कडक, तिच्या स्वतःच्या कामाची पाठ कशी असणार, हे सांगायला टपाल खात्याची गरज नव्हती.

तासाभरात दोन गठ्ठे झाले. पहिल्यात चोपन्न नग, मागूनही पुढच्याइतकेच साफ. एक गाठ दिसेल तर शपथ. दुसऱ्यात नऊ. या नऊ नगांवर पुढून एक पक्षी होता, किंवा इस्त्री होती, यावर भावंडांत मतभेद झाले. मागून गाठी, लोंबकळणारे दोरे, आणि एक फूल संपल्यावर दोरा न कापता तसाच लांब ओढून दुसऱ्या फुलात घातलेला. जणू इमारतीबाहेरच्या केबलच्या तारा.

"हे मावशीचं असेल?" धाकटीने विचारलं.

"छे. मावशीचं इतकं वाईट नसणार, आणि तिने आपलं लग्नानंतर नेलं असेल. शेजारपाजारच्या कुणी शिकायला यायच्या, त्यांचं असेल. आईने दया येऊन ठेवलं," थोरलीने निकाल दिला, आणि रंगारी फडकी मागतच होता, त्याला नऊच्या नऊ देऊन टाकले.

धाकटीने साफ गठ्ठ्यातला एक टेबलक्लॉथ घेतला. जाईची वेल, पानं अशी की वाऱ्याने हलतील. तिने तो गालाला लावला. काही झालं नाही. तिला वाटलं, जरा वेळ लागत असेल.

चार वाजता मावशी आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते. तिने चपला काढल्या, गठ्ठा पाहिला आणि चपला काढलेल्या जागेवरच हरखून उभी राहिली.

"अगं बाई! माझी सगळी पोरं इथे आहेत होय!"

"तुझी कुठली, मावशी? ही आईची," थोरली म्हणाली.

"तुझ्या आईची? तिला सुईत दोरा ओवायला मी लागायची!"

"मावशी, पाठ बघ किती साफ आहे!"

"साफच असणार. मी केलंय." मावशीने वेल पुढे धरली. "देठाचे टाके बघा, सगळे उलटीकडे झुकलेत. मी डावखुरी. तुमची आई उजव्या हाताने भरायची. म्हणजे, बिघडवायची."

मुख्याध्यापिकेने चोपन्न नग तपासले. चोपन्नही उलटीकडे झुकलेले होते.  मधल्याने पहिल्या गठ्ठ्यावर स्वतःच लावलेली 'आई' ही चिठ्ठी काढून गुपचूप खिशात घातली.

"मग ती लोकांकडे जाऊन पाठ का बघायची गं?" धाकटीने विचारलं.

मावशी खाली बसली. "तिच्याइतकं वाईट भरणारं आणखी कुणी आहे का, ते शोधायची. घरी आली की मला सांगायची, 'आजही कुणी नाही सापडलं.' जन्मभर शोधलं बिचारीने." मग तिने आजूबाजूला पाहिलं. "तिचे नऊ कुठेत? तळाशी ठेवले होते ना?"

तिघंही जिन्याकडे धावली.

रंगारी आता जिन्यात शिडीवर होता. दोन नग शिडीच्या पायांखाली होते, घसरू नये म्हणून. एक टर्पेंटाइनच्या डब्याच्या तोंडाला कोंबलेला. पाच निळे झाले होते, कायमचे. नववा त्याने डोक्याला बांधला होता.

"दादा, ती फडकी परत द्या," थोरली म्हणाली. तिचा आवाज प्रार्थनेच्या वेळी लागतो तसा लागला होता.

"असं कसं ताई? दिलंत ना मघाशी?"

"चुकून दिली. त्याऐवजी चांगली देतो." मधल्याने टॉवेल पुढे केला. मागून धापा टाकत आलेल्या मावशीने, खरं तर कुणी सांगितलं नसताना, स्वतःची जाईची वेल पुढे केली. "ही घ्या. माझी चोपन्न आहेत."

रंगाऱ्याने वेल हातात घेतली, उलटली, अंगठ्याने चोळून पाहिली आणि परत दिली. "नको आजी. गुळगुळीत आहे. रंग टिपणार नाही. तुमच्या त्या फडक्यांना मागून काय जाड काम आहे! एकदा पुसलं की ब्रश कोरडा. वीस वर्षं रंग देतोय, असं फडकं हातात आलं नव्हतं. कुणी केलीत?"

 त्या कामाची पाठ बघून कुणीतरी खूश झालं होतं, आणि ते ऐकायच्या अकरा महिने आधीच आई निघून गेली होती.

"आमच्या आईने," धाकटी म्हणाली.

"हात चांगला होता," रंगारी म्हणाला. मग त्याने डोक्यावरचं सोडलं. "हे एक घ्या. कोरडं आहे. तसंही मघापासून टोचतंय. मला वाटलं माझी टाळूच."

टोचत होती ती सुई होती. गाठींच्या गुंत्यात अडकलेली, थोडी गंजलेली, हिरवा दोरा अजून ओवलेला. पुढच्या बाजूला पक्ष्याच्या, किंवा इस्त्रीच्या, शेजारी एक पान होतं. अर्धं भरलेलं. उरलेलं अर्धं पेन्सिलने काढलेलं, पुसट.

धाकटी जिन्याच्या पायरीवरच बसली. मावशी तिच्या शेजारी टेकली.

"दे इकडे," मावशी म्हणाली. तिचा डावा हात आपोआप पुढे आला होता. "दोन मिनिटांचं काम आहे. साफ करून देते."

"नको, मावशी," धाकटी म्हणाली. "माझं मी बिघडवते."

मावशीने हात मागे घेतला. मग तिने सुई मागितली, स्वतःच्या केसांवर घासून तिचा गंज थोडा उतरवला आणि परत दिली.

धाकटी दिवसभर एक मिलीमीटरच्या फरकाने कवळ्या घासते. तरी अर्ध्या पानाला तिला चाळीस मिनिटं लागली. दोनदा गाठ पडली, ती तिने तशीच ओढून पुढे नेली. एकदा बोटाला टोचलं. थोरलीने दिवा लावला. मधला शिडी धरून उभा होता. शिडीवर कुणी नव्हतं. रंगारी खाली बसून बघत होता, त्याचा ब्रश वाळला.

दोरा संपला तेव्हा धाकटीने तो दाताने तोडला आणि कापड मावशीकडे दिलं. मावशीने ते उलटलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"कशी आहे पाठ?" धाकटीने विचारलं.

मावशीने गुंत्यावरून बोट फिरवलं, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, मग परत.

"थांब जरा," ती म्हणाली. "तिचं कुठे संपलं, तेच सापडत नाहीये."