भिवरी शाळेत भुंकते

एका जंगलात एक शाळा होती. शाळेला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पण व्यवस्थापन समिती होती. म्हणजे मुलांनो, शाळेला जे लागतं ते सगळं होतं.

मुख्याध्यापक होते गवे सर. अंगाने अवाढव्य. बघणाऱ्याला वाटे, हे कुणाच्या बापाला भीत नसतील. पण एका बापाला ते भीत. तो बाप म्हणजे समितीचे अध्यक्ष बिबटे साहेब. त्यांचा मुलगा ठिपकेश चौथीत होता.

चौथीतच भिवरी नावाची भेकराची मुलगी होती. भेकर म्हणजे छोटंसं हरीणच, पण ते दचकलं की कुत्र्यासारखं भुंकतं. पहिल्याच दिवशी साळुंकीबाईंनी हजेरीत तिचं नाव जोरात पुकारलं आणि भिवरी ओरडली, "भ्वॉक!"

"अरे, हरणांच्या घरात कुत्रं जन्मलंय!" ठिपकेश म्हणाला.

त्याच्यामागे हुजऱ्या आणि मुजऱ्या हे कोल्ह्याचे जुळे भाऊ बसत. ठिपकेशने विनोद केला की ते गडाबडा लोळत. कधीकधी घाईत विनोदाच्या आधीच लोळत.

त्या दिवसापासून भिवरीने शाळेत तोंड उघडणं सोडलं. हजेरीला ती नुसता खूर वर करी. आई म्हणाली, "शहाणी माझी बाय ती! आपण खाली मान घालावी न् गवत खावं." भिवरीची मान इतकी खाली गेली, की फळ्यावर काय लिहिलंय ते तिला कधी दिसलंच नाही.

मग वर्गात लोंब्या आला. वटवाघळाचा मुलगा. तो जांभळीच्या फांदीला उलटा लटकून पाढे म्हणायचा. पाढे मात्र सरळ यायचे.

ठिपकेशला नवं खेळणं मिळालं.

"ए, तू पक्षी की प्राणी? एक काय ते ठरव."

"आई म्हणते, मी लोंब्या," लोंब्या म्हणाला.

हुजऱ्या-मुजऱ्या लोळले. मग त्यांनी लोंब्याला फांदीवरून ओढून जमिनीवर ठेवलं. वटवाघळाला जमिनीवरून सहजी उडता येत नाही. तो पंखांच्या कोपरांवर सरपटत झाडापर्यंत जाई, बुंध्यावर चढे आणि पुन्हा लटके. तेवढ्यात मधली सुट्टी संपे. रोज हेच चाले. ठिपकेश या खेळाला 'सरळ करणे' म्हणे.

साळुंकीबाई बघत आणि म्हणत, "खेळतायत मुलं!" आणि मान दुसरीकडे वळवत. साळुंकीची मान पटकन वळते.

खरं सांगायचं तर भिवरीला आधी बरंच वाटलं. आता तिला कुणी कुत्रं म्हणत नव्हतं. आपल्याला बरं वाटतंय, हे कळल्यावर मात्र तिला डब्यातलं गवत गिळवेना.

एकदा लोंब्याने वरून एक पिकलेलं उंबर तिच्यापुढे टाकलं.

"खा. गोड आहे. तू बोलत का नाहीस?"

भिवरीने मान हलवली.

"असू दे. मी उलटा, तू मुकी. आपलं छान जमेल."

भिवरीने उंबर खाल्लं. खूप दिवसांनी तिला कशाची तरी चव लागली.

पुढच्या आठवड्यात ठिपकेशला 'सरळ करण्या'चा कंटाळा आला. मैदानाच्या टोकाला लाल मुंग्यांचं वारूळ होतं. "आज याला तिथे सरळ करू," तो म्हणाला. जुळ्यांनी लोंब्याचे दोन पंख दोन बाजूंनी धरले आणि त्याला फरफटत नेलं. सगळी चौथी मागोमाग गेली. वानरांची पोरं होती, मोराची होती, सांबराची होती. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. कुणीतरी काहीतरी करील, असं प्रत्येकाला वाटत होतं.

लोंब्याने गर्दीत भिवरीला शोधलं.

'खाली मान,' भिवरीने स्वतःला बजावलं. पण खाली बघितलं तर वारुळातून निघालेली मुंग्यांची रांग लोंब्याकडेच चालली होती.

"भ्वॉक!"

हुजऱ्या दचकला. ठिपकेश मागे वळून हसला, "कुत्रं बोललं!"

"भ्वॉक! भ्वॉक! भ्वॉक!"

आता मुलांनो, जंगलात भेकर असं भुंकलं की त्याचा अर्थ एकच. बिबट्या आलाय, तो इथे आहे, बघा! वानराच्या पोरांनी तो आवाज पाळण्यात ऐकलेला. त्यांच्या घशातून आपोआप "खक्! खक्!" निघालं. मोराचं पोर किंचाळलं. सांबराचं पोर खूर आपटून "ढाँक!" करून ओरडलं. झाडाझाडावरून तीच ओरड उठली. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी लागले. ठिपकेशवर.

बिबट्याला सगळं चालतं, पण सगळ्यांनी मिळून बघितलेलं चालत नाही. ठिपकेशचे कान पडले, शेपूट पोटाखाली गेली. एवढा मोठा ठिपकेश एकदम मांजराएवढा दिसायला लागला. जुळ्यांनी लोंब्याला सोडलं.

"आम्ही याला ओळखतसुद्धा नाही!" मुजऱ्या म्हणाला. भिवरीने लोंब्याला पाठीवर घेतलं आणि झाडापाशी नेलं.

अर्थातच बोलावणं आलं. भिवरीला.

गवे सरांसमोर बिबटे साहेब बसले होते. "शाळेची शांतता बिघडवली या मुलीने. माझा मुलगा जेवत नाहीये."

"माफी माग बेटा," गवे सर म्हणाले. "विषय मिटवून टाकू. उद्यापासून आपला सौजन्य सप्ताह आहे."

"नाही मागणार," भिवरी म्हणाली. सरांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "लोंब्याला वारुळावर ठेवत होते. तुम्ही कुठे होता, सर?"

सर सप्ताहाच्या तयारीत होते, पण तसं सांगायला त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात मैदानातून कुणीतरी "खक्" केलं. मग ढाँक. मग भ्वॉक, आणि हे भ्वॉक चक्क लोंब्याच्या आवाजात होतं, बारीक आणि बेसूर. सगळी चौथी तिथे उभी होती. बिबटे साहेबांचे कान पडले. त्यांना एका महत्त्वाच्या बैठकीची आठवण झाली आणि ते मागच्या झुडपातून गेले.

पुढच्या महिन्यात वर्गात एक घोरपड आली. तिची जीभ दुभंगलेली. हुजऱ्या हसायला लागला. चौथीने मान वर करून त्याच्याकडे नुसतं बघितलं. हुजऱ्याने ते हसू खोकल्यात घातलं आणि घोरपडीला बसायला जागा दिली.

त्याआधी, सौजन्य सप्ताहात गवे सरांनी 'छळाविरुद्ध लढा' या विषयावर दोन तासांचं भाषण केलं. ऐकायला एकटे बिबटे साहेब होते. मुलं मैदानात खेळत होती.

तात्पर्य: मुलांनो, कुणी कुणाला छळताना दिसला तर तोंड मिटून, मान खाली घालून उभे राहा. ओरडलात तर छळ बंद पडतो, आणि मोठ्यांच्या भाषणांना कुणी येत नाही.