सुभेदारांची बुरशीवर चढाई

लोखंडी कपाट जरा सरकवावं, एवढंच सुभेदार हिंदुरावांच्या मनात होतं. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला सांगलीच्या विश्रामबागेतून लेक संयोगिता पाच वर्षांच्या समीक्षाला घेऊन साताऱ्याला येणार होती. नातीची गादी आजी-आजोबांच्या बेडरूममध्येच पडायची. कपाट सरकलं आणि मागची भिंत दिसली. काळी, हिरवट, चक्क लव फुटलेली.

"आवं, पोरीला दमा हाय," मुक्ताबाई घाबरल्या. "लेकीनं हे बघितलं तर दारातनंच माघारी जाईल."

"तू चहा ठेव. उकळी फुटायच्या आत भिंत साफ!" सुभेदार म्हणाले. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस तो. (त्यातली अठरा स्टोअरमध्ये, पण हा तपशील ते सहसा सांगत नसत.)

घरभर घाण नको म्हणून त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, पंखा फुल्ल सोडला आणि तारेचा ब्रश घेऊन कोरड्या भिंतीवर तुटून पडले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते शिंकतच. डोळे लाल, मिशी हिरवी. बुरशी भिंतीवरून उठली होती खरी, पण गादी, उशा आणि पडद्यांवर जाऊन बसली होती.

"आता केमिकल!" सुभेदारांनी एका हातात ब्लीच घेतलं, दुसऱ्या हातात संडास धुवायचं ॲसिड. "दोन्ही मिसळलं की डब्बल पावर."

मुक्ताबाईंनी ॲसिडची बाटली हिसकावलीच. "इषारी वाफ हुतीया त्याची! बाटलीवर लिवलंय. वाचाय येत न्हाई व्हय?"

"चष्मा सापडंना," सुभेदार पुटपुटले.

मुक्ताबाईंनी सरळ लेकीला व्हिडिओ कॉल लावला. लेक त्या हिरव्या मिशीकडे बघून आधी हसली, मग तिनं ऑर्डरी सोडल्या. "पप्पा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. मास्क, हातमोजे घाला. आधी साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा. मग पाण्यात थोडंसंच ब्लीच घालून लावा, त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. धुवून भिंत खडखडीत वाळवा. फडकी टाकून द्या, पडदे आणि उशांच्या खोळी गरम पाण्यात धुवा, गादी उन्हात टाका. आणि ओल कुठून येते ते शोधा, नाहीतर महिन्यात परत येईल."

सुभेदारांनी सगळं शिस्तीत केलं. ओल कुठून येते हे तर त्यांना ठाऊकच होतं. ते तडक वरच्या मजल्यावरचे शेजारी आकाराम यांच्या दारात उभे राहिले.

"तुमचं बाथरूम गळतंय!"

"सुभेदार, तुमच्या बेडरूमवर आमचं देवघर हाय वो."

"मग देव लय पाण्यानं आंघोळ करत असतील!"

आकाराम भला माणूस. त्यांनी स्वतःच बिरदेव प्लंबरला बोलावलं. बिरदेवनं वर-खाली सगळं तपासलं, बोटानं भिंत टकटकवली. "पाईप न्हाई, गळती न्हाई. सगळं कोरडं ठाक." मग त्यानं खोलीत वर बघितलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, दोरीवर दोन नऊवारी, चार टॉवेल आणि सुभेदारांचं धोतर. सगळं ओलं. "खिडक्या लावून पावसाळाभर हितंच वाळवताय व्हय? मग पाणी जाईल कुठं? भिंतीतच की! ही दोरी कुणी बांधली?"

मुक्ताबाईंनी नवऱ्याकडं बोट दाखवलं. आकारामही तिकडंच बघायला लागले.

"गाठ मातर पक्की हाय," सुभेदार म्हणाले. (तेवढंच हातात उरलं होतं.)

दोरी व्हरांड्यात गेली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं आलं. पाऊस उघडला की खिडक्या उघडायच्या, असा हुकूम मुक्ताबाईंनी काढला. समीक्षा आली आणि एकदाही न खोकता सकाळपर्यंत झोपली. लेकीनं "शाब्बास पप्पा" म्हटल्यावर सुभेदारांची छाती अशी फुगली, की पंधरा ऑगस्टला कॉलनीतल्या सगळ्या माजी सैनिकांसमोर त्यांनी भिंतीची मोहीम पहिल्यापासून सांगायला घेतली. अंगात त्या दिवशी भिंत धुताना घातलेली, आता कडक इस्त्री केलेली निळी पँट होती.

"...आणि मग बुरशी जी पळाली," सुभेदार म्हणाले, "ती कुठं गेली कुणाला ठाऊक!"

समीक्षानं आजोबांच्या पँटवर ब्लीचनं पडलेल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "आबा, हितं आलीय!"