तिसरं 'नको'

महिन्याभरात साखर दोनशेच्या खाली आली नाही तर रोज पोटात सुई, असं डॉक्टरीणबाई रेत्नो म्हणाल्या आणि मी तिथल्या तिथे बिनसाखरेचा चहा प्यायचं ठरवलं. (सुईला मी भीत नाही. ती दिसली की मला फक्त झोप येते. बसल्या जागी, उभ्या उभ्या, कुठेही.)

निर्णय साधाच होता, पण आम्ही राहतो जोग्याकार्तात. इथे फणसाच्या भाजीतही गूळ पडतो आणि पाहुण्याचं 'नको' कोणी मनावर घेत नाही. पहिलं 'नको' म्हणजे संस्कार, दुसरं म्हणजे 'आणा', आणि तिसरं म्हणजे चहा पुरेसा गोड नाही.

हे सगळं ठाऊक असून मी शेजारीणबाई बू सार्जिलांकडे तीनदा 'नको' म्हणालो. त्यांनी कपात आणखी दोन चमचे घातले. मी कप तसाच ठेवून उठलो, आणि संध्याकाळपर्यंत, गोडाची सवय सुटलेल्या मार्दियोच्या, म्हणजे माझ्या घरात काहीतरी बिनसलंय हे गल्लीभर झालं.

"मी तुम्हाला फिका चहा पाजते म्हणे!" माझी बायको वार्तिनी कडाडली. "सव्वीस वर्षं संसार केला तो हे ऐकायला?"

"अगं, मला मधुमेह आहे म्हणून सांग ना त्यांना."

"सांगितलं. म्हणाल्या, भांडण झाकायला कारण बरं शोधलंत!"

गल्लीचं तोंड बंद करायचा उपाय तिनेच काढला. माझी साखर उतरावी म्हणून घरी प्रार्थना ठेवायची आणि सगळ्यांना जेवायला बोलवायचं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बावीस पुरुष आमच्या चटईवर मांड्या घालून बसले. गल्लीतले वडीलधारे पाक जुमेनो (इथे 'पाक' म्हणजे 'राव', साखरेचा नव्हे) यांनी हात पसरून माझी साखर उतरू दे अशी करुणा भाकली, सगळ्यांनी "आमीन" म्हटलं, आणि पहिला वाडगा माझ्यापुढे आला. नारळाच्या दुधातली, गुळाने लालभडक झालेली खीर!

"पाक जुमेनो, मला हे चालत नाही हो."

"प्रार्थना झाली ना तिच्यावर? आता ती काय वाईट करणार?"

"पण यात गूळ..."

"गूळ तुझ्या बायकोचा, कृपा देवाची. खा मुकाट्याने! तुझ्याआधी आम्हाला घास घेता येत नाही."

बावीस भुकेली तोंडं माझ्याकडे बघत होती. मी खाल्लं. मग गल्लीला दिसावं म्हणून वार्तिनीने दुसरा वाडगा स्वतःच्या हाताने भरला. (इतक्या प्रेमाने तिने मला कधी वाढलं नव्हतं, म्हणून तिसरा मीच मागितला.)

सकाळी साखर निघाली तीनशे बारा.

"काल काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"प्रार्थना," मी म्हणालो.

त्यांनी सुई काढली आणि मला नेहमीप्रमाणे झोप लागली.

जाग आली तेव्हा मी बाकावर आडवा होतो. डॉक्टरीणबाई रक्तदाबाचं यंत्र आणायला गेल्या होत्या आणि दवाखान्यातली चहावाली माझ्या ओठांशी कप धरून बसली होती.

"पाक, चहा घ्या, गोड आहे. तरतरी येईल."

"नको."

"घ्या हो!"

"नको, बाई."

"असं काय करता?"

"खरंच नको!" मी अंगात होतं नव्हतं ते बळ आणून ओरडलो.

बाईने कप खाली घेतला. चला, जोग्याकार्तात एका तरी माणसाला माझं 'नको' कळलं, म्हणून माझे डोळे भरून आले. तिने माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलं आणि साखरेची बरणी उघडली.