मोकळ्या जागा आणि उभे सात

आडवे पाच : सुताराचं हत्यार, तीन अक्षरी.

कॉम्प्युटरच्या पाठीला नखाएवढा एक काळा तुकडा खोचलेला आहे. तो कशाचा, हे घरात कुणालाच आठवत नाही.

नवऱ्याच्या वहीचं पहिलं पान : 'काहीही बदलण्यापूर्वी जुनी नोंद कागदावर उतरवून घ्या.'

छापखाना पाच वाजता मशीन सुरू करतो.

पाचला छापायची होती ती शिलाई मशीनची माहितीपुस्तिका. अनुवाद बायकोचा. नव्या कंपनीचं हे पहिलंच काम होतं. वेळेत गेलं नाही तर शेवटचंही. दुपारी दोन वाजता एकेचाळिसाव्या पानावर 'सुईत' आणि 'दोरा' यांच्यामध्ये मोकळी जागा पडू लागली आणि थांबेना. बघता बघता दोरा पुढच्या पानावर गेला.

"अहो, मी हातसुद्धा लावलेला नाही! हा आपला आपणच स्पेस देतोय."

नवरा वजनकाटे तपासायचा. काट्याला हात लावण्याआधी जुनं माप लिहून घ्यायचं, ही त्याची वीस वर्षांची शिस्त. त्याने अख्ख्या रजिस्ट्रीची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या सगळ्या नोंदींची, प्रत काढून ठेवली आणि वही उघडली.

"जावईबापू, बंद करून चालू करा की," शब्दकोडं घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"आई, अशानं मूळ रोग कळत नाही."

२.२० : कीबोर्डचा वेग कमी केला. जागा सावकाश पडतात. प्रगती.

२.४५ : टेबलावरचा कीबोर्ड बंद केला. जागा पडतातच. कीबोर्ड निर्दोष.

"निर्दोष आहे ना? मग सोडा त्याला!" बायको म्हणाली.

तो सोडवायला आधी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागला. त्याने पासवर्ड मागितला. टाइप करायचा कीबोर्ड अजून बंदच होता. तरी चौकटीत ठिपके भराभर उमटू लागले.

"स्वतःच टाकतोय," नवरा म्हणाला.

"त्याला माहीत आहे?"

"नाही. प्रयत्न करतोय."

साडेतीनला सासूबाईंनी कपाट उघडून जाडजूड शब्दकोश काढला. ठिपके थांबले. नवऱ्याने घाईघाईने पडद्यावरची अक्षरं माउसने टिपत पासवर्ड टाकला आणि वहीत बघून एकेक नोंद पूर्ववत केली. शेवटच्या, वेगाच्या नोंदीवर बरोबरची खूण करत असतानाच सासूबाईंना 'पटाशी' सापडली. त्यांनी शब्दकोश कपाटात ठेवला.

दोरा पुन्हा निघाला.

"शेवटचीच नोंद! चोर सापडला!" त्याने ती काढून टाकली. दोरा चाललाच होता. "थांब, परिणाम व्हायला जरा वेळ लागतो."

"चार वीस झालेत. तुमचा 'जरा वेळ' मला चांगला माहितेय."

सासूबाई उभे सातवर अडल्या. पुन्हा उठल्या, शब्दकोश घेऊन आल्या.

दोरा थांबला.

"बघ!" नवरा म्हणाला. बायको टाइप करू लागली. टेबल जुनं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा. सासूबाई दोनदा शब्दकोश मिटून उठायला लागल्या आणि दोन्ही वेळा बायको ओरडली, "आई, जागची हलू नकोस! टेबल हादरतं."

"बसले बाई. माझं मेलं इथे काय काम?"

चार छप्पनला फाइल गेली. पाच वाजता छापखान्यातून फोन आला, मिळाली म्हणून. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, लग्नाच्या वर्षी बघायची तसं. त्याने एक चिठ्ठी लिहून कॉम्प्युटरवर चिकटवली : 'ही नोंद कोणीही पुन्हा चालू करू नये.' खाली सही, तारीख आणि वेळ.

"माझं मात्र सुटलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "'आठवण न राहणे', चार अक्षरी. पहिलं अक्षर वि." आणि त्या शब्दकोश जागेवर ठेवायला उठल्या.

त्या दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना सासूबाईंना खणात दोन सुटे सेल सापडले होते. हरवू नयेत म्हणून त्यांनी ते, तो काळा तुकडा ज्याचा त्या जुन्या बिनवायरच्या कीबोर्डमध्ये बसवले, कीबोर्ड कपाटात ठेवला आणि त्यावर शब्दकोश.